गोविंदा डायवरची दमणी

शेलूबाजारात त्या काळी गोविंदा नावाचे चार-पाच जण तरी असतील, पण 'डायवर' म्हटलं की तो एकच. हुकूमचंद शेटजींच्या पिकअपचा डायवर. बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेला माणूसही 'डायवरचं घर कुठीसा' असं विचारायचा आणि पोरं त्याला बुद्धविहाराच्या मागं, दारात जुन्या टायरात मोगरा लावलेल्या घराशी आणून सोडायची.

डायवर होण्याआधी गोविंदा शेटजींच्या दुकानात हमाली करायचा. सरकी, ढेप, तूर, जे येईल ते पाठीवर. छप्पन साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. पुढं काही वर्षांनी हुकूमचंद शेटजींनी मिलिटरीच्या लिलावातून एक पिकअप आणली. समोरून जीपसारखं तोंड, मागं उघडा हौदा, हौद्याला लाकडी फाळका. गाडी ठेवली ती शेटजींच्या घरची बैलांची दमणी, बायामाणसांना नेणारी हलकी गाडी, जिथं उभी राहायची त्याच छपरात, आणि म्हणून सगळ्या गावानं तिचंही नाव दमणीच ठेवलं. पिकअप हा शब्द फक्त शेटजी वापरायचे.

गाडीबरोबर एक डायवरही आला होता. तो एका हंगामात कंटाळला आणि कुणाला न सांगता निघून गेला. तोवर गोविंदानं गाडी धुता धुता, पोती भरता भरता, बाजूला बसून नुसतं पाहत सगळं शिकून घेतलं होतं. खळ्यावर दोन-चार वेळा चालवलीही होती, पण ते कुणाला माहीत नव्हतं. एका सकाळी शेटजींच्या घरी धावपळ उडाली. अंगुरीबाई, म्हणजे शेटजींची बायको, दिवस भरण्याआधीच अडली होती. सुईणीनं हात टेकले. डायवर नव्हता आणि एसटी दुपारपर्यंत येणार नव्हती. गोविंदा पुढं आला आणि म्हणाला, "शेटजी, मी नेतो." शेटजींनी विचारलंही नाही की तुला येतं का.

मंगरूळच्या दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात अंगुरीबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पुढं बाळंतीण घरी आली तेव्हा शेटजींच्या भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. दिवस तसे होते. विहारामागच्या वस्तीतल्या माणसाला पाणी वरून वाढणारी घरं बाजारात बरीच होती, आणि त्या वस्तीतला माणूस घरच्या बाईमाणसाला शेजारी बसवून गाडी हाकतो हे काहींना खपलं नाही. ते अंगुरीबाईच्या कानावर गेलं. तिनं न्हाणीतूनच उत्तर दिलं, "ज्याले चालवता येते तो चालवन. ज्याले पटत नाई त्यानं पायी जावं." त्या दिवसापासून गोविंदा डायवर झाला.

हे सांगायचं कारण एवढंच की डायवर हा शब्द त्याच्यासाठी नुसता धंदा नव्हता. त्याच्या बापाला आयुष्यभर लोकांनी अर्ध्या नावानं हाक मारली होती. गोविंदा रस्त्यानं निघाला की म्हातारी माणसं बाजूला होऊन हात वर करायची आणि म्हणायची, "डायवर, मालेगावाहून येशील तं बिब्ब्याचं तेल आनजो." त्याच्या वस्तीतली पोरं दमणीचा आवाज एका कोसावरून ओळखायची.

दमणीनं मग काय काय वाहिलं नाही. सरकी तर होतीच. बहात्तरच्या दुष्काळात पाण्याची पिंपं वाहिली, कडबा वाहिला, विंचू चावलेली माणसं वाहिली. लग्नसराईत शेटजी गाडी मोकळी सोडायचे. म्हणायचे, "पेट्रोल तुमचं, डायवर माहा." पण दुष्काळ संपता संपता पेट्रोल एवढं महाग झालं की शेटजींसारखा माणूसही चाकाकडं पाहून सुस्कारे टाकू लागला. गाडीही थकली होती. धूर सोडायची, चढावर मान टाकायची. हौद्याचा पत्रा इतका कुजला होता की सरकीची धार रस्त्यावर सांडत जायची आणि मागून बकऱ्या यायच्या. मिलिटरीचा हिरवा रंग कधीच उडाला होता. त्यावर शेटजींनी एकदा निळा मारला होता, तोही फुगून निघत होता. गाडीकडं पाहून तिचा रंग कोणता हे सांगता येत नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गोविंदाच्या शेजारच्या पुंजाजीच्या मुलाचं लग्न इंझोरीला ठरलं. गडीमाणसं एसटीनं गेली. बायका, लेकरं आणि पुंजाजीची म्हातारी आई भागिरथा दमणीत. गोविंदाची बायको लिलाबाई हौद्यात सगळ्यांच्या मधोमध बसून गाणी सांगत होती आणि बाकीच्या उचलत होत्या. लग्न चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी परतताना हौद्यात नवी नवरीही होती.

इंझोरीहून निघाल्यावर एक लांब उतार लागतो. गोविंदा तो शेकडो वेळा उतरला होता. खाली एक अरुंद पूल, पुलाआधी वळण. वळण जवळ आलं तसा त्यानं पाय ब्रेकवर ठेवला आणि पाय सरळ खाली गेला. चिखलात जावा तसा. त्यानं पुन्हा दाबला. काहीच हाताला, म्हणजे पायाला, लागेना. हातब्रेक ओढला, पण मागं एवढं वजन होतं की त्यानं गाडी नुसती करकरली. गिअर खाली घ्यायला गेला तो पडेना. मागं बायका गात होत्या.

डाव्या बाजूला नाला होता. उजव्या बाजूला कुणाचं तरी नांगरलेलं शेत, उन्हाळ्याचं, ढेकळांनी भरलेलं. गोविंदानं गाडी उजवीकडं घातली. काट्यांची कुपाटी मोडून दमणी शेतात शिरली, ढेकळांवर आदळत, उडत, धुळीचा लोट उठवत गेली, आणि जाता जाता हळू होत शेवटी एका मोठ्या ढेकळावर पुढचं चाक चढवून थांबली.

धूळ बसेपर्यंत मागून नुसता आरडाओरडा. मग एकेक बाई खाली उतरली. कुणाचं कपाळ फुटलं होतं, कुणाच्या बांगड्या. भागिरथा म्हातारीचं मनगट मोडलं होतं आणि ती गोविंदाला त्याच्या सात पिढ्यांसकट शिव्या देत होती. मग तीच म्हातारी एकदम गप्प झाली. गाडीच्या पुढं, बैलजोडी उभी राहील एवढ्या अंतरावर, विहीर होती. बिनकठड्याची, जमिनीच्या पातळीत. रस्त्यावरून ती दिसतच नव्हती.

लिलाबाईनं विहिरीत डोकावून पाहिलं आणि मागं येऊन नवरीचा पदर नीट केला. बाकी कुणी तिकडं गेलं नाही.

गावात पोचेपर्यंत गोविंदा देवमाणूस झाला होता. ज्यानं त्यानं त्याची पाठ थोपटली. भागिरथा म्हातारी हाताला फळ्या बांधून दारोदार सांगत फिरली की डायवरनं विहीर पाह्यली आणि तिथंच गाडी उभी केली. गोविंदानं दोन-तीनदा सांगून पाहिलं की बाई, मला विहीर दिसलीच नव्हती. कुणी ऐकून घेतलं नाही. हुकूमचंद शेटजी दुसऱ्या दिवशी स्वतः तिथं जाऊन शेत आणि विहीर पाहून आले. दुकानात सगळ्यांसमोर त्यांनी गोविंदाच्या खांद्यावर हात ठेवला.

मालेगावचा दौलतसिंग मिस्त्री येऊन ब्रेकचा पाइप बदलून गेला. पाइप आतून सडला होता, बाहेरून कुणाला कळण्यासारखं नव्हतं. गोविंदानं गाडी शेतातून काढून घरी आणली, तेव्हा त्याला काही वाटलं नाही.

वाटलं ते आठवड्यानं. ढेपीची पोती घेऊन मंगरूळला निघाला होता. रस्ता ओळखीचा, उतार म्हणावा तर उतारही नाही, आणि एकाएकी त्याचा उजवा पाय थरथरायला लागला. त्यानं गाडी बाजूला घेतली. लिंबाखाली बसला, बिडी ओढली, पुन्हा निघाला. पुन्हा तेच. सरळ रस्त्यावरही त्याच्या डोळ्यांपुढं जमिनीच्या पातळीतलं ते काळं भोक यायचं. मंगरूळला पोचला तेव्हा सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. परत येताना एका ओळखीच्या गाडीवानाच्या मागं मागं, त्याच्या धुळीत, बैलगाडीच्या चालीनं आला.

त्यानंतर त्यानं सबबी शोधायला सुरुवात केली. पावसाळ्यात म्हणाला, हौदा गळते, सरकी भिजन. मग म्हणाला, क्लच सरकून राह्यला. माल बैलगाड्यांनी जाऊ लागला, जास्त असला की भाड्याच्या ट्रकनं. शेटजी काही बोलत नसत. त्यांना स्वतःला कुठं जायचं असलं की ते एसटीनंच जात. म्हणत, "तिकडं गाडी लावाले जागा नसते रे." त्यांच्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं, म्हणून पूर्वी संध्याकाळी घाईनं परतायला त्यांना गाडीच लागायची. आता ते दुपारीच कामं उरकून परतू लागले. गोविंदाला वाटायचं, शेटजी पेट्रोल वाचवून राह्यले. आणि मनातल्या मनात तो त्यांचे आभार मानायचा.

दसरा झाला. कापूस घरात यायला लागला आणि प्रश्न उभा राहिला. शेटजींनी गोविंदाला गादीजवळ बोलावलं.

"दमणीचं काय कराचं, सांग," ते म्हणाले. पिकअप म्हणाले नाहीत, दमणी म्हणाले. "लोक म्हणते भंगारात द्या. दौलतसिंग म्हणते, हिचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवू, पत्रा बदलू, रंग मारू, अजून धा वर्षं चालन. मले त्यातलं काही समजत नाई. बुधवारी दौलतसिंग येऊन राह्यला, मी अकोल्याले चाललो. तू त्याच्यासंग बसून पाय. चालवाची तुलेच हाय. तू म्हनशीन तसं."

"बरं, शेटजी," गोविंदा म्हणाला.

दौलतसिंग बुधवारी आला. मोटारसायकल छपराबाहेर लावून, शर्ट काढून गाडीखाली शिरला. हातोडीनं ठोकत ठोकत या टोकाकडून त्या टोकाकडं गेला. बाहेर आला तो ग्रीसनं माखलेला आणि खूश.

"चासी लोखंड हाय भाऊ, अस्सल," तो म्हणाला. "पत्रा सडला तो सडू दे. खालचा सांगाडा तुह्या-माह्या नातवाले पुरन. करून टाका. असं घरान्याचं जनावर मोडू नोका."

गोविंदानं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. मग बराच वेळ छपरात गाडीच्या पायरीवर बसून राहिला. गाडी दुरुस्त झाली की ती चालवावी लागणार. चालवता येत नाही म्हणावं तर डायवर कोण राहणार? पुन्हा पोती उचलायची, त्याच दुकानात, त्याच लोकांसमोर, ज्यांनी त्याला विहिरीच्या काठावर गाडी थांबवणारा म्हणून डोक्यावर घेतलं होतं. गाडीच मोडीत गेली तर मात्र कुणी काही म्हणणार नाही. गाडी नाही तर डायवर काय करणार, एवढंच म्हणतील. कदाचित हळहळतीलही.

शेटजी अकोल्याहून परत आले तसा तो म्हणाला, "दौलतसिंगनं पाह्यलं. चासी तडकली हाय, मधातून. पैसा घालून काही फायदा नाई."

शेटजींनी त्याच्याकडं पाहिलं. "चासी तडकली तं मंग संपलंच," ते म्हणाले. दौलतसिंगला विचारलं नाही, गाडी पाहायलाही आले नाहीत. गोविंदा म्हणतो म्हणजे झालं.

त्या संध्याकाळी गोविंदा घरी पोटभर जेवला. कित्येक महिन्यांनी भाकरीला चव लागली. लिलाबाईनं विचारलं, "काहून, आज लय भूक?" तो म्हणाला, "दमणी भंगारात चालली." तिनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

अकोल्याचा बाबूलाल भंगारवाला शुक्रवारी ट्रक घेऊन येणार असं ठरलं. बातमी बाजारात पसरली. पुंजाजी येऊन गाडीला हात लावून गेला. नव्या नवरीला घेऊन भागिरथा म्हातारी आली आणि छपरात उभी राहून रडली, ज्या गाडीनं तिचं मनगट मोडलं तिच्यासाठी. हे सगळं गोविंदानं सहन केलं. मग गुरुवारी सकाळी शेटजींनी त्याला पुन्हा बोलावलं. अंगुरीबाईही दुकानाच्या आतल्या दारात येऊन उभी होती, दोघांच्या चेहऱ्यावर काहीतरी चांगलं सांगायचं असल्यासारखं.

"तू नाराज होऊ नोको," शेटजी म्हणाले. "मी अकोल्याच्या एजंटाले निरोप धाडून राह्यलो. नवी गाडी सांगतो. डिझेलची. शेताचा एक तुकडा हाय, तो तसाही पडूनच हाय, इकून टाकतो. तुह्यासारखा डायवर असून गाडी नसावी हे बरं दिसत नाई. हिलेच सुचलं," असं म्हणून त्यांनी दाराकडं मान हलवली.

गोविंदानं नुसते हात जोडले. अंगुरीबाईला वाटलं, आनंदानं. ती हसून आत गेली.

तो तिथून निघाला तो सरळ घरी आला. लिलाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सूप तिच्या हातातून काढून घेतलं.

"लिला, मी शेटजीसंग खोटं बोललो."

"चासीचं ना?" ती म्हणाली.

"तुले कोनं सांगतलं?"

"दौलतसिंग जाताना विहारापाशी थांबला होता. मलेच म्हने, वहिनी, गाडी करून घ्या, चासी भारी हाय. मंग तुमी घरी येऊन सांगता भंगारात चालली." तिनं सूप परत घेतलं. "आन मले पहिलेपासून ठाऊक हाय. तुमी झोपीत पाय दाबता. ब्रेक दाबल्यावानी. माही पोटरी काळीनिळी झाली."

"तं बोलली काहून नाई?"

"काय बोलू? तुमाले डायवर म्हनून सारा गाव वयखते. तुमीच सांगान तवा सांगान, असं म्हनलं." मग जरा थांबून म्हणाली, "मले बी भेव वाटते. त्या छपरासमोरून न जाता मी फेरा घालून जाते. मी तं बाई हाय, मले कोनी चालवाले सांगत नाई, म्हनून निभलं."

गोविंदानं सांडलेले चार दाणे वेचून सुपात टाकले. मग उठला. "वावर इकून राह्यले ते," तो म्हणाला, "माह्यासाठी."

"तं जा न मंग," लिलाबाई म्हणाली. "जेवून जाता का तसेच जाता?"

तो तसाच गेला.

दुकानात गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत तो पोत्यांजवळ उभा राहिला. शेटजींनी खूण केली तसा पुढं आला. बसला नाही.

"शेटजी, चासी साबूत हाय. दौलतसिंग म्हने, लय चांगली हाय. मीच तडकली म्हनून सांगतलं."

शेटजींच्या हातातला चष्मा तसाच राहिला. "काहून?"

"मले गाडी चालवाची भीती वाटते. त्या दिवसापासून. पाय थरथरते. मी ढेप घेऊन मंगरूळले गेलो होतो तवापासून गाडी काढलीच नाई मी, क्लच-बिच सगळं खोटं. नवी गाडी आनली तरी मी चालवू शकत नाई. वावर इकू नोका."

शेटजींचा चेहरा लाल झाला. तो माणूस सहसा आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "माह्यासंग खोटं बोललास," ते म्हणाले. "माह्यासंग. उद्या बाबूलालनं तोडून नेली असती तं?"

"हो."

"त्या गाडीत माही पोरगी झाली म्हनून समज. दवाखान्यात झाली, पन गाडी नसती तं झाली नसती. आन तू सांगतो चासी तडकली." मग शेटजी चष्मा पुसत राहिले. गोविंदाला वाटलं, आता जा म्हणतील. तो मागं वळणार तेवढ्यात शेटजी म्हणाले, "बस."

तो पोत्याच्या कडेवर टेकला.

"मी एसटीनं काहून जातो, सांग बरं."

"पेट्रोल..."

"पेट्रोल नाई रे." शेटजींनी आतल्या दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी ती विहीर पाहून आलो न. चाकाची रेघ पाह्यली. घरी आलो तं मले दोन दिवस जेवन गेलं नाई. मी त्या गाडीत नव्हतो बी, तरी. तवापासून तुह्या शेजारी बसाची हिंमतच होत नाई. तुले सांगू कसं? तुले वाटन, शेटजीचा आपल्यावरचा भरवसा उठला. म्हनून आपलं, जागा नसते, घाई नाई, असं काहीबाही सांगत होतो. एसटीत उभ्यानं गेलो. कमर धरली माही."

गोविंदा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"नवी गाडी बी," शेटजी म्हणाले, "हिनं काढलं म्हनून हो म्हनलं. मले कायले पाह्यजे नवी गाडी? तीत बी बसाच लागलं असतं."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. पहिल्यांदा हसले ते शेटजी, पोट हलवत, आवाज न करता. मग गोविंदालाही हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर ते थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अंगुरीबाई आतून आली, दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, आणि काय झालं ते कुणी सांगेना म्हणून नुसती पाण्याचे दोन गडवे ठेवून गेली.

"खोटं बोललास ते मी इसरनार नाई," पाणी पिऊन शेटजी म्हणाले. "पन आता गाडीचं बोल. तू चालवशीन नाई, हे ठरलं. गाडी करून घ्यावी का नाई?"

हा प्रश्न गोविंदाला इतक्या दिवसांत प्रथमच मोकळ्या मनानं ऐकू आला. त्यानं विचार केला. गाडीखालून बाहेर आलेल्या दौलतसिंगचा ग्रीसनं माखलेला चेहरा आठवला. "करून घ्या," तो म्हणाला. "गाडी लय चांगली हाय. ब्रेकचे सगळे पाइप बदलू, जुना एक बी ठेवू नये. आन चालवाले मालेगावचा भाऊसिंग हाय, दौलतसिंगचा भाचा. ट्रक चालवत होता, आता घरीच हाय. हात सावकाश हाय त्याचा."

"आन तू?"

"मी म्हनजे," गोविंदा अडखळला, "हमाली करीन पयलेवानी."

"हमाली कायले? मालाची भरती-उतरती पाह्याले मानूस नाई माह्याजवळ. कोनत्या गावाले कोन सरकी मांगते, कोनाचा कडबा कुठी, तुह्याइतकं कोनाले ठाऊक हाय? गाडीत बस, पन चाकामांगं बसू नोको."

शुक्रवारी बाबूलाल भंगारवाला ट्रक घेऊन आला तेव्हा त्याला चहा आणि शेव मिळाली, गाडी मिळाली नाही. तो बराच वेळ कुरकुरला आणि शेवटी जुने निकामी टायर घेऊन गेला. शनिवारी दोन बैलजोड्या लावून दमणी मालेगावच्या रस्त्याला लागली. बैलांनी ओढलेली गाडी पाहून लोक हसले, आणि गोविंदा बैलांच्या पुढं पुढं चालत त्यांच्याबरोबर हसला.

दौलतसिंगच्या गॅरेजात दमणी थंडी सरेपर्यंत राहिली. गोविंदा मधून मधून एसटीनं जायचा आणि दिवसभर तिथं बसायचा. डिझेल इंजिन बसलं. हौद्याला नवा पत्रा, खाली सागाच्या फळ्या. ब्रेकचे पाइप त्यानं एकेक हातात घेऊन पाहिले, बोटानं चाचपले, दौलतसिंगला कंटाळा येईपर्यंत. रंगाची वेळ आली तेव्हा शेटजी म्हणाले, "तूच ठरव." अंगुरीबाईनं मरून सुचवला होता, पुंजाजीनं निळा. गोविंदाला रंगाचं कधी काही सुचलंच नव्हतं. शेवटी त्यानं हरभऱ्याच्या डाळीसारखा पिवळा सांगितला, लांबून दिसावी म्हणून. पेंटरनं मागं काय लिहू असं विचारलं. शेटजींच्या मनात गोविंदाचं नाव होतं. गोविंदा म्हणाला, "नाव नोको. 'अंतर ठेवा' लिव." दौलतसिंगला ते इतकं आवडलं की त्यानं त्याच रंगात आपल्या मोटारसायकलच्या मडगार्डवरही लिहून घेतलं.

गाडी तयार झाली तेव्हा हरभरा घाट्यावर आला होता. भाऊसिंग चाकामागं बसला. तो अबोल, रुंद खांद्यांचा माणूस, चावी फिरवण्याआधी त्यानं तीनदा ब्रेक दाबून पाहिला आणि गोविंदाला तो तिथंच आवडला. शेटजी मालेगावात आले होते, ते पुढं भाऊसिंगच्या शेजारी बसले. बसताना त्यांनी दांडा घट्ट धरला, पण बसले. गोविंदाला त्यांनी मधे सरकून जागा केली.

"मी मांगं बसतो," गोविंदा म्हणाला. "मले पाह्याचं हाय."

काय पाहायचंय हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो हौद्यात चढला, नव्या फळ्यांवर एक रिकामं पोतं टाकून केबिनला पाठ लावून बसला. गाडी निघाली. डिझेल इंजिनाचा आवाज खणखणीत होता, थोडा वेळ तो त्या आवाजाकडं कान देऊन बसला, मग सोडून दिला.

मालेगाव ते शेलूबाजार हा रस्ता त्यानं किती वेळा केला असेल त्याची गणती नाही. पण इतकी वर्षं त्यानं फक्त पुढचा रस्ता पाहिला होता. खड्डा, बैल, समोरून येणारा ट्रक. रस्त्याच्या बाजूला काय आहे हे त्यानं पाहिलंच नव्हतं. आता सगळं मागं मागं सरकत त्याच्यासमोर येत होतं. एका टेकडीच्या पोटात छोटं तळं होतं आणि त्यात बगळे उभे होते. एका वावरात करडईची पिवळी फुलं, त्यापलीकडं गहू, गव्हाच्या मधोमध एक जांभळी ओढणी वाळत घातलेली. एक म्हातारा बांधावर बसून बकरीला काहीतरी समजावून सांगत होता. एका उतारावर गाडी हळू झाली, भाऊसिंगनं गिअर खाली घेतला, आणि गोविंदाच्या लक्षात आलं की आपण उतार कधी लागला तेच पाहिलं नाही. पाय फळीवर निवांत पडले होते.

पुढं एका वळणावर दोन बाया हिरव्या हरभऱ्याच्या पेंड्या घेऊन बसल्या होत्या. डायवर असताना तो इथून कायम तसाच निघून जायचा, माल वेळेवर पोचवायचा असायचा. त्यानं केबिनच्या टपावर दोनदा थाप मारली. गाडी थांबली. शेटजींनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय झालं रे?"

"काही नाई," गोविंदा म्हणाला. "हरभरा खावासा वाटला."

त्यानं दोन पेंड्या घेतल्या, एक खिडकीतून शेटजींना दिली आणि केबिनला पाठ लावून पुन्हा बसला. शेलूबाजार येईपर्यंत तो घाटे सोलून खात राहिला आणि टरफलं वाऱ्यावर सोडत राहिला.